सोळा मिनिटं अडतीस सेकंद

मॅरेथॉन पळून घरी परतलेल्या माणसाला आमच्या गावात पहिला प्रश्न विचारतात, "कितवा नंबर आला?" मग त्यांना समजावून सांगावं लागतं, की हजारो माणसं पळतात, पुढे असतात ते इथिओपिया-केनियाचे, आणि आपण आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी पळत असतो. एवढं ऐकल्यावर दुसरा प्रश्न येतो, "बरं, मग घड्याळाचं तरी काय झालं?" तर घड्याळ जिंकलं. मला चार तासांच्या आत पोचायचं होतं. लागले चार तास, सोळा मिनिटं, अडतीस सेकंद. ही वरची सोळा मिनिटं अडतीस सेकंदं नेमकी कुठे गेली, याचा हिशेब आज तुमच्यापुढे मांडायचा आहे. तो मांडण्याचं एक कारणही आहे, ते ओघात येईलच.

मी डहाणू तालुक्यातल्या वाढवणचा. वाढवण म्हटलं की आता लोकांना बंदर आठवतं. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याचं भूमिपूजन झालं, त्याआधी कितीतरी वर्षं किनाऱ्यावरच्या गावांनी त्याला विरोध केला, त्यामुळे नाव वर्तमानपत्रात सारखं येत राहिलं. पण आमच्या भागाची जुनी ओळख वेगळी आहे. मासेमारी, बागायती आणि डायमेकिंग. दागिन्यांवर नक्षी उठवायला पोलादाचे साचे लागतात, ते आमच्याकडे घरोघरी बनतात. माझाही तोच धंदा. मान खाली घालून, एका जागी बसून करायचं काम. चाळिशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी साखर काठावर आल्याचं सांगितलं, तेव्हा मी चालायला लागलो. चालता चालता पळायला लागलो, आणि मग थांबावंसं वाटेना.

वाढवणचा किनारा खडकाळ आहे, तिथे पळता येत नाही. मी वरोरवरून चिंचणीच्या वाळूवर जातो. वाळूवर पळायचं तर ओहोटी साधावी लागते. पाणी नुकतंच मागे सरलेलं असतं तेव्हा वाळू ओली आणि घट्ट असते, पाय रुतत नाही. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून पळायची वेळही सरकते. उधाणाचे दिवस असले तर ओहोटीला वाळूचा पट्टा ऐसपैस मिळतो, भांगाच्या दिवसांत जेमतेम. समुद्राकडे जाणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. आपल्या मनात वेळ कुठलीही असो, पाणी आपल्या वेळेनं येतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

त्या वाळूवर सकाळी माझ्यासारखे चार-दोन हौशी आणि बाकी सगळी पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं असतात. त्यातल्या एकाची गोष्ट सांगतो. चांगला पळणारा मुलगा. २०२३ च्या डिसेंबरात त्यानं वसई-विरारची अर्धी मॅरेथॉन पळायचं ठरवलं. ही स्पर्धा २०११ पासून आपल्या भागात भरते, करोनाची वर्षं तेवढी चुकली. अर्धी मॅरेथॉन म्हणजे एकवीस किलोमीटरच्या थोडी वर. पावणेदोन तासांत संपवायची असं त्यानं ठरवलं होतं. नऊ मिनिटं जास्त लागली. त्यानंतर तो वाळूवर दिसेनासा झाला. एकदा चिंचणीच्या नाक्यावर भेटला तेव्हा विचारलं, तर म्हणाला, "काका, आपल्यात दम नाही. कळलं ते."

त्याचं असं होणं मी समजू शकतो. भरतीच्या १६०० मीटरमध्ये घड्याळ सांगेल तो निकाल. सेकंद हुकले, गुण गेले, नोकरी गेली. घड्याळातला आकडा म्हणजे आपली लायकी, हे त्याच्या अंगात भिनलेलं. पण लांब अंतराच्या पळण्यात त्या आकड्यात पळणाऱ्याखेरीज आणखीही कोणीतरी असतं. ते कोण, हे कळलं नाही तर माणूस भलत्याच गोष्टीची शिक्षा स्वतःला देतो. माझ्या सोळा मिनिटांचा हिशेब मी मांडतो आहे तो मुख्यतः त्याच्यासाठी.

आधी अंतराबद्दल दोन शब्द. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. आपल्या पश्चिम रेल्वेच्या भाषेत सांगायचं तर चर्चगेटहून निघून जवळजवळ भाईंदर गाठायचं, आणि तेही पायी. हे अंतर पहिल्यापासून असं नव्हतं. १८९६ साली अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिंपिक झालं, तेव्हा मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंत सुमारे चाळीस किलोमीटर पळाले. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापाशी सुरू करून मैदानात राजघराण्याच्या सज्जापुढे संपवली, ते अंतर सव्वीस मैल तीनशे पंच्याऐंशी यार्ड भरलं. १९२१ मध्ये तेच कायम झालं. म्हणजे शेवटच्या त्या दोन किलोमीटरांत पाय जड होतात, त्याला अंशतः इंग्लंडचं राजघराणं कारण आहे.

आपल्या मराठी मुलुखाचा या शर्यतीशी संबंध जुना आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकरी मुलं पाहून सर दोराबजी टाटांनी भारताचा संघ पाठवण्यासाठी पुढाकार घेतला होता, त्या संघात चौगुले होते. अँटवर्पचा मार्ग आजच्यापेक्षाही लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरचा होता. चौगुले दोन तास, पन्नास मिनिटं, पंचेचाळीस सेकंदांत पोचले आणि एकोणिसावे आले. शंभर वर्षांपूर्वी, आजच्यासारखे बूट आणि आजच्यासारखा आहार नसताना. आज आपल्याकडच्या बहुतेक हौशी धावपटूंना ती वेळ स्वप्नातही गाठता यायची नाही.

आता माझ्या हिशेबाकडे येतो. १९ जानेवारी २०२५, रविवार, मुंबई मॅरेथॉन. ही स्पर्धा २००४ पासून होते. आदल्या दिवशी वाणगावहून गाडी पकडून दादरला आत्याकडे मुक्काम केला. आत्याच्या घरी वजनकाटा आहे, निघताना त्यावर उभा राहिलो, ६२ किलो. उजाडण्यापूर्वी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून निघालो. चार तासांत ४२.१९५ किलोमीटर म्हणजे दर किलोमीटरला पाच मिनिटं एक्केचाळीस सेकंद. मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी, मग सी लिंक. निम्मं अंतर झालं तेव्हा घड्याळात एक तास, एकोणसाठ मिनिटं, वीस सेकंद. तीस किलोमीटरला बरोबर दोन तास पन्नास मिनिटं. म्हणजे ठरवलेल्या वेळेच्या अडतीस सेकंद पुढे. इथपर्यंत हिशेबात एका पैची तूट नाही.

पण मनगटावरच्या घड्याळात दुसराही एक आकडा दिसत होता, नाडीचा. पहिल्या तासात तो मिनिटाला १४८ च्या आसपास होता. अठ्ठावीस किलोमीटरला, वेग तोच असताना, तो १६२ झाला होता. काम तेवढंच आणि हृदय मात्र जास्त धावतंय. असं का होतं?

माणूस पळतो तेव्हा ढोबळमानानं दर किलोला, दर किलोमीटरला एक किलोकॅलरी खर्च होते. माझ्या ६२ किलो वजनाला ४२ किलोमीटर, म्हणजे सुमारे २६०० किलोकॅलरी. यातला फक्त एक चतुर्थांश भाग प्रत्यक्ष पळण्याच्या कामी येतो. उरलेला तीन चतुर्थांश निव्वळ उष्णता होते. डाय घासताना हातातलं पोलाद तापतं, तसंच आहे हे. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर माझ्या वेगानं पळणाऱ्या माणसाचं तापमान अर्ध्या तासात चार अंशांहून जास्त वाढेल. सदतीसचं एक्केचाळीस. म्हणजे पहिल्या पाच-सहा किलोमीटरांतच माणूस आडवा होईल.

तसं होत नाही, कारण आपल्याला घाम येतो. आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. घाम आल्यानं शरीर थंड होत नाही. घाम वाळल्यानं होतं. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम वाळण्याआधी हनुवटीवरून टपकला तर जवळजवळ फुकट गेला. कोरड्या हवेत घाम येतो कधी आणि वाळतो कधी ते कळत नाही. समुद्रकाठच्या दमट हवेत आधीच बाष्प भरलेलं असतं, तिथे घाम वाळायला जागाच नसते. पावसाळ्यात दोरीवरचे कपडे दोन दिवस ओले राहतात, तीच गोष्ट. आपली कातडीही दोरीवरचा कपडाच असते.

मग शरीर काय करतं? आतली उष्णता बाहेर आणण्यासाठी ते जास्त रक्त कातडीकडे वळवतं. ते रक्त स्नायूंच्या वाटणीतून जातं. शिवाय घामावाटे पाणी गेल्यानं रक्ताचं एकूण आकारमानही कमी होत जातं. एका ठोक्याला पुरेनासं झालं, की हृदय ठोके वाढवतं. माझ्या १४८ चे १६२ झाले ते असे. पायांना यातलं काही जाणवत नव्हतं, पण त्यांच्या नावावरची रक्कम भलत्याच खात्यात वळती होऊ लागली होती.

हाच खर्च आणखी एका ठिकाणी वाढतो. स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. चांगलं खाऊन-पिऊन आलेल्या माणसाकडे तो साधारण दोन हजार किलोकॅलरींचा भरतो. लागणार सव्वीसशे. उरलेली भर चरबी आणि वाटेत खाल्लेलं गोडधोड घालतं. पण चरबी जळते सावकाश. साखर संपत आली की वेग आपोआप उतरतो. तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास भिंतीवर आपटल्यासारखं होतं असं धावपटू सांगतात, ती भिंत ही. आणि उष्ण, दमट हवेत शरीर चरबीपेक्षा साखर जास्त वेगानं जाळतं. म्हणजे थंडीत जी भिंत पस्तिसाव्या किलोमीटरला भेटली असती, ती अलीकडे सरकून उभी राहते.

कोणी म्हणेल, तुम्ही किनाऱ्यावरचे, तुम्हाला दमट हवेची सवय असणार. सवय असतेच, आणि तिचा उपयोगही होतो. उन्हात दहा-पंधरा दिवस नेमानं व्यायाम केला तर घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, अंगात रक्तातलं पाणी वाढतं. पण सवयीनं शरीर बदलतं, हवा बदलत नाही. न वाळणारा घाम वाढवणच्या माणसाचाही वाळत नाही. शिवाय हिवाळ्याच्या पहाटे आमच्याकडे मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा, त्यातल्या त्यात कोरडा. माझी तीस-तीस किलोमीटरची लांब पळणी त्या वाऱ्यात, मोकळ्या किनाऱ्यावर झालेली होती. त्या दिवशी मुंबईत इमारतींच्या मधून पळताना वारा जवळजवळ नव्हता. बनियन पिळून काढावी इतकी भिजली होती.

तीस किलोमीटरनंतर दर किलोमीटरला सहा मिनिटं चाळीस सेकंद लागू लागले. माहीम, शिवाजी पार्क मागे पडलं, वरळी मागे पडली. सूर्य चांगला वर आला होता. हाजी अलीपाशी छत्तिसावा किलोमीटर झाला तेव्हा घड्याळात साडेतीन तास झाले होते. चार तासांसाठी उरलेले सहा किलोमीटर अर्ध्या तासात, म्हणजे दर किलोमीटरला पाच मिनिटांच्या आत काढायला हवे होते. ते ताज्या पायांनीही मला जड गेलं असतं. चार तासांचा विषय तिथे संपला.

खरा प्रश्न त्यानंतरचा होता. चार तास गेले, तरी जोर लावला तर चार-दहा होऊ शकत होतं. आणि समोर पेडर रोडचा चढ होता. मुंबई मॅरेथॉन अवघड म्हणतात ती याच चढामुळे. तसा तो काही घाट नव्हे, आमच्या डहाणूच्या महालक्ष्मीचा गड चढणारी माणसं त्याला हसतील. पण तो येतो कधी? साखर संपलेली, सूर्य डोक्यावर, आणि पायाखाली तापू लागलेला रस्ता अशा वेळी. त्या क्षणी माझ्या दंडावर काटा आला. इतक्या उकाड्यात अंगावर काटा येणं ही शरीराची धोक्याची घंटा आहे, एवढं मी वाचून होतो. मी पळणं थांबवलं आणि चालू लागलो. पाण्याच्या टेबलापाशी एक कॉलेजातली मुलगी ओरडली, "काका, थांबू नका, थोडंच राहिलंय!" मी तिच्याकडून दोन पेले घेतले. एक प्यायलो, एक डोक्यावर ओतला आणि चढ संपेपर्यंत चाललो. उताराला पुन्हा हळूहळू पळत मरीन ड्राइव्हवरून टर्मिनसपाशी पोचलो.

हा झाला हिशेब. पहिले तीस किलोमीटर, अडतीस सेकंद जमा. पुढचे सहा किलोमीटर, पाच मिनिटं बावन्न सेकंद खर्च. शेवटचे सहा किलोमीटर आणि वरचे मीटर, अकरा मिनिटं चोवीस सेकंद खर्च. बेरीज-वजाबाकी करून पाहा, सोळा मिनिटं अडतीस सेकंद येतील. यातली मोठी रक्कम चढावर, चालण्यात गेली आणि ती मी स्वतः, समजून-उमजून खर्च केली. दुपारी आत्याच्या काट्यावर पुन्हा उभा राहिलो. वाटेत प्रत्येक टेबलावर पाणी पिऊनही वजन ६०.२ भरलं. एक किलो आठशे ग्रॅम हवेच्या नावानं गेले.

आता कोणी म्हणेल, हरलेला माणूस हवेवर ढकलतोय. म्हणून जगातले उत्तमोत्तम धावपटू हवेपुढे काय करतात ते पाहा. २०१९ साली कतारमधल्या दोह्याला जागतिक स्पर्धा झाली. उष्णतेमुळे महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली, तरी तापमान तीस अंशांच्या वर होतं आणि दमटपणा सत्तर टक्क्यांहून जास्त. अडुसष्ट जणी निघाल्या, पोचल्या चाळीस. अठ्ठावीस निवडक धावपटूंनी वाटेत शर्यत सोडली. त्यांच्यात दम नव्हता असं म्हणायला कोणाची जीभ धजेल? त्यानंतर लगेच आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन टोकियोतून हलवून आठशे किलोमीटर उत्तरेला, सापोरो शहरात नेली. कारण एकच, उष्णता.

आपल्या घरातलं उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतचं. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत तिनं दोन तास, अडतीस मिनिटं, अडतीस सेकंदांत मॅरेथॉन जिंकली आणि ऑलिंपिकची पात्रता मिळवली. सहा महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, रिओला तिला लागले दोन तास, एकोणसाठ मिनिटं, एकोणतीस सेकंद. वीस मिनिटांहून जास्त फरक. बाई तीच, तिनं घेतलेले कष्टही तेच. दिवस वेगळा, हवा वेगळी, मार्ग वेगळा. मॅरेथॉनची वेळ ही धावपटूच्या कपाळावर कायमची गोंदलेली नसते.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. केनियाच्या एलियड किपचोगेनं दोन तासांच्या आत मॅरेथॉन पळायचं ठरवलं. २०१७ च्या मे महिन्यात इटलीतल्या मोंझाच्या मोटार-शर्यतीच्या मार्गावर त्याला दोन तास आणि पंचवीस सेकंद लागले. पंचवीस सेकंदांनी हुकलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हिएन्नात त्यानं एक तास, एकोणसाठ मिनिटं, चाळीस सेकंदांत ते पार केलं. त्यासाठी सपाट रस्ता निवडला, थंड सकाळ निवडली, वारा अडवायला त्याच्याभोवती आळीपाळीनं धावणारे साथीदार ठेवले. म्हणूनच तो अधिकृत विक्रम धरला गेला नाही. यात किपचोगेचं मोठेपण तिळभरही उणं होत नाही. पण एवढ्या मोठ्या धावपटूलाही आपली वेळ गाठायला हवेशी तडजोड करावी लागली, हे आपण लक्षात ठेवायला हवं. आपल्या भारतात शिवनाथ सिंग यांनी १९७८ साली जालंधरला दोन तास बारा मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम केला. तो चाळीस वर्षांहून जास्त काळ टिकला. या काळात कित्येक गुणी धावपटू त्याच्या मागे लागले आणि हुकले. २०१९ मध्ये टी. गोपी सोलला दोन तास, तेरा मिनिटं, एकोणचाळीस सेकंदांपर्यंत आला. हुकलेल्यांची रांग ही अशी आहे. त्या रांगेत उभं राहण्यात कमीपणा कसला?

तर मग लक्ष्य ठेवूच नये का? जरूर ठेवावं. लक्ष्य नसतं तर पहाटे उठून वाळूवर गेलो नसतो. पण किनारपट्टीवर पळणाऱ्यानं एकाच्या ऐवजी तीन लक्ष्यं ठेवावीत. एक, हवा थंड आणि कोरडी मिळाली तर. दुसरं, नेहमीसारखी दमट असली तर. आणि तिसरं, काहीही झालं तरी शुद्धीवर आणि स्वतःच्या पायांनी शेवटची रेघ ओलांडणं. सकाळी बाहेर पडून, हवा अंगाला लागल्यावर, यातलं आजचं कुठलं ते ठरवावं. नाडी मोजणारं घड्याळ असेल तर वेगाइतकंच तिच्याकडे लक्ष द्यावं. वेग तोच असताना नाडी चढत चालली, तर शरीर आपल्याला आधीच कळवत असतं.

पाण्याबद्दलही सांगायला हवं, कारण त्यात दोन्हीकडून धोका आहे. कमी प्यायलं तर काय होतं ते आपल्याला माहीत असतं. पण नुसतं पाणी पोटात ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि तेही जिवावर बेतू शकतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ज्या धावपटूंचं रक्त तपासलं, त्यांच्यातल्या सुमारे तेरा टक्क्यांचं सोडियम प्रमाणापेक्षा कमी आढळलं. म्हणून तहान लागेल तसं प्यावं, आणि लांब पळायचं असेल तर त्यात मीठ-साखर असावी. आपलं लिंबू-सरबत किंवा ओआरएस उत्तम.

आणि शेजारी पळणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, भलत्याच दिशेला वळला किंवा कोसळला, तर "हिंमत ठेव, चल" असं म्हणू नका. तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत घ्या, मदत बोलवा, आणि मदत येईपर्यंत थंड पाण्यानं, बर्फानं त्याचं अंग गार करायला लागा. थंड पाण्यात बसवता आलं तर सर्वांत चांगलं. उष्माघातात आधी अंग गार करणं आणि मग रुग्णालयात नेणं, हा क्रम जीव वाचवतो. मी पेडर रोडला चाललो ते याच भीतीनं. घरी साखर काठावरची आहे, कामावर अवलंबून असलेली माणसं आहेत. चार-दहाच्या आकड्यासाठी तेवढी किंमत मोजणं मला परवडणारं नव्हतं.

डायमेकिंगमध्ये एक साधा नियम आहे. साचा मापात बसला नाही तर आधी पोलादाला किंवा कारागिराला नावं ठेवायची नाहीत, आधी माप कुठल्या तापमानाला घेतलं ते विचारायचं. गरम पोलाद फुगतं, गार झालं की बसतं. गरम असताना घेतलेलं माप खोटं नसतं, ते त्या वेळचं असतं. वसई-विरारची अर्धी मॅरेथॉन नऊ मिनिटांनी हुकलेल्या त्या मुलाला मी हेच सांगितलं, आणि त्या दिवशी प्रत्येक किलोमीटरला किती वेळ लागला ते कागदावर लिहून आण म्हणालो. त्यानं आणलं. पहिले चौदा किलोमीटर त्याच्या ठरलेल्या वेळेत होते. नऊच्या नऊ मिनिटं ऊन चढल्यानंतर गेली होती. तो कागद त्यानं बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "काका, उद्या ओहोटी किती वाजता?"